सिंधूबाईंचा डाव

मी एक जुनी व्हिडिओ गेमची पेटी आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. तुम्ही आता शहाण्यासारखे ऐकत बसला आहात, पण तुमच्या खिशात काय आहे ते मला कुठे दिसतं? माझ्या फटीत लोकांनी काय काय घातलं आहे! टोकनाऐवजी पत्र्याच्या चकत्या, ठोकून चपटी केलेली बाटलीची बुचं. एक महाशय तर टोकनाला दोरा बांधून आणायचे. आत सोडायचं आणि खेळ सुरू झाला की पुन्हा वर ओढायचं. अशा जन्मात कोणाचा स्वभाव सरळ राहील?

माझा सांगाडा नांदेडच्या सुताराचा, काच एका मोडक्या टीव्हीची आणि आतली हिरवी पाटी परदेशातली, असं मला विकणारा सांगायचा. तेही मी पूर्ण खरं धरत नाही. १९९४ साली माणिकरावांनी मला टेम्पोत घालून आखाडा बाळापूरला आणलं. हिंगोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. बसस्टँडसमोर माणिकरावांचं थंड पेयांचं दुकान होतं. तिथे फ्रीजशेजारी, पाठ भिंतीला लावून मी उभी राहिले. पाठ भिंतीला असली की जरा बरं वाटतं.

माझा खेळ दिसायला सोपा. काळ्या आभाळात खाली तुमचं एक विमान. डाव्या हातातला दांडा हलवला की ते डावीउजवीकडे सरकतं, उजव्या हाताखालचं लाल बटण दाबलं की गोळी सुटते. वर शत्रूची विमानं थवा करून डोलत असतात आणि त्यातलं एकेक सुटून तुमच्यावर झेप घेतं. विमान पाडलं की काचेवर गुणांचा आकडा चढतो, आणि तीन वेळा मेलात की डाव संपला. मेख एवढीच, की एका वेळी दोनच गोळ्या हवेत राहतात. त्या कुणाला लागल्या किंवा वर निघून गेल्या, की मगच तिसरी सुटते. पोरं ढोल बडवल्यासारखं बटण बडवायची, गोळ्या वाया घालवायची आणि शत्रू अंगावर आला की हात रिकामे. मग लाथ मला!

तरी पहिली दोन-तीन वर्षं माझं कौतुक फार झालं. कुरुंद्याहून लोक बसने खेळायला यायचे. माणिकराव रोज सकाळी माझी काच पुसायचे आणि उदबत्ती ओवाळायचे. दिवसातून एकदा मला जरा पुढे ओढून, मागची फळी उघडून कोणी वायरला हात लावला नाही ना, हेही बघायचे. त्या बाबतीत आमचं दोघांचं छान जमायचं.

सिंधूबाई आल्या त्या एका बाजाराच्या दिवशी. जवळच्या वाडीवर त्यांची शेळ्यामेंढ्यांची दावण होती. त्यांचे यजमान रखमाजी बकऱ्यांच्या बाजारात बसले होते आणि बाई उन्हातून सावलीला म्हणून दुकानात टेकल्या होत्या. माझ्या काचेकडे बघून म्हणाल्या, "अगं बया, केवढा थवा उतरून राहिला!"

माणिकरावांना गंमत वाटली. "घ्या मावशी," म्हणत त्यांनी एक टोकन पुढे केलं, "राखा तुमचं रान."

दुकानातले सगळे हसले. बाईंचा पहिला डाव मिनिटभरात आटोपला. पण पुढच्या बाजारी त्या पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्याही. दर खेपेला एखादं टोकन घ्यायच्या आणि जास्त जास्त वेळ टिकायच्या. आता माझं ऐका. या बाई बटण फारसं दाबतच नसत! लोक शंभरदा दाबतील तिथे त्या दहादा, आणि त्यातली एकही गोळी वाया जात नसे. मला पहिल्या दिवसापासून त्यांचा संशय येऊ लागला. बटण न दाबता आकडा चढतो म्हणजे काय? एकदा तो दोन लाखांवर गेला, तेव्हा माणिकरावांनी खेळ चालू असतानाच माझ्या पाठीमागे डोकावून पाहिलं. मनातून मला फार बरं वाटलं.

शेजारच्या चहावाल्या सोनाजीने शंका काढली, "बाईच्या हातातल्या कड्यात लोहचुंबक असंल."

झालं! पुढच्या बाजारी बाई आल्या तशी माणिकरावांनी टोकन हातात धरून ठेवलं. इतके दिवस 'मावशी' म्हणणारा माणूस म्हणाला, "बाई, कडी काढा. आज सगळ्यायच्या देखत खेळा. आम्हाला बघू द्या काय चलाखी हाये ती."

दारात गर्दी जमली. रखमाजीही बाजारातून धावत आले आणि म्हणाले, "चल घरी. कशाला ही तकलीफ?"

"थांबा," सिंधूबाई म्हणाल्या. "माणिकराव, आमी बकऱ्याचं वय सांगितलं तर बाजारात कोणी त्याचे दात बघत न्हाई. सिंधूबाईनं सांगितलं म्हंजे बराबर, असं म्हणतात. आज मी अशीच गेले तर उद्या दर बकऱ्याचं तोंड उघडतील. टाका टोकन."

चांदीची दोन्ही कडी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. काचेच्या बांगड्यांकडे सोनाजीने बोट दाखवलं, तेव्हा मात्र त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं बोट आपोआप खाली गेलं.

माणिकरावांनी मला भिंतीपासून पुढे ओढलं, माझी मागची फळी उघडीच ठेवली आणि दोन माणसं तिथे उभी केली. डाव सुरू झाला. पहिला थवा गेला, दुसरा गेला, दहावा गेला. कोणीतरी विचारलं, "मावशी, हे जमतं कसं?"

नजर न हलवता त्या म्हणाल्या, "मचाणावर गोफण घेऊन जवारी राखली की जमतं. पाखरू जितं हाये तितं खडा मारायचा न्हाई, जितं येणार हाये तितं मारायचा. आन् थव्याच्या कडंचं पाखरू आधी वळतं, त्याच्यावर डोळा ठिवायचा."

मित्रांनो, हे ऐकूनही मला ते पटलं नाही. मी आपली वाट बघत राहिले, आता पकडली जाईल, मग पकडली जाईल. बारा वाजता सुरू झालेला डाव चार वाजले तरी चालू होता. दिवसभरात एकदाही लाईट गेली नाही, याचाही मला संशय आला. आकडा पाच लाख झाला, आठ लाख झाला, साडेनऊ लाख झाला. गर्दीचा सूर बदलू लागला होता. रखमाजी दोन्ही हातांनी फेटा सावरत आकडे मोठ्याने वाचत होते.

आणि मग माझ्या काचेवर सगळी शून्यं आली.

"शून्य!" कोणीतरी ओरडलं. बाई दचकल्या, मागे वळल्या आणि तेवढ्यात शत्रूने त्यांची विमानं एकामागून एक पाडली. डाव संपला तेव्हा काचेवर जेमतेम तीन हजार होते.

माणिकराव टाळी वाजवून म्हणाले, "बघा! शेवटी मशीननंच चोर धरला. मशीन खोटं बोलत न्हाई."

मी किती फुगले म्हणून सांगू! मलाही तेच वाटलं. कडी हातात न घालता सिंधूबाईंनी पदराच्या टोकाला बांधली आणि त्या पायरी उतरून गेल्या. पुढच्या बाजारी सोनाजी हसत सांगत आला, की गिऱ्हाईकं रखमाजीच्या बकऱ्यांचे जबडे उघडून दात मोजू लागली आहेत.

चार महिन्यांनी माझा दांडा अडकू लागला, म्हणून नांदेडहून किसनसिंग कारागीर आला. तो माझं पोट उघडून काम करत असताना माणिकरावांनी त्याला हा किस्सा रंगवून सांगितला. किसनसिंगने हातातला पेचकस खाली ठेवला.

"मालक, हिला साहाच आकडे येतात," तो म्हणाला. "दहा लाख झाले की सातवा आकडा मावत न्हाई, पुन्हा शून्यापासून सुरू. मी इतक्या पेट्या दुरुस्त केल्या, पण तिथवर गेलेला माणूस न्हाई पाहिला. तिनं चोरी काय केली? तिनं तुमची मशीन संपवली."

माणिकरावांनी तोंड फ्रीजकडे फिरवलं. मी तर उघडीच होते, मला तोंड लपवायलाही जागा नव्हती. आपल्याला किती मोजता येतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पुढच्या बाजारी माणिकराव स्वतः जाऊन सिंधूबाईंना बोलावून घेऊन आले. बाई पायरीशीच थांबल्या. माणिकराव हात जोडून म्हणाले, "मावशी, चुकी झाली. या मशीननं धोका दिला."

"मशीनचं काहून नाव घेता?" बाई म्हणाल्या. "तिनं शून्य दाखवलं. चोर तुमी म्हणलं. आता जितं बकऱ्याचे दात बघून राहिले, तितं येऊन सांगा."

ऐन बाजाराच्या दिवशी माणिकरावांनी माझी वायर काढली, शटर ओढलं आणि ते बाईंच्या मागे गेले. तिथे त्यांनी चारचौघांत आपली चूक कबूल केली, असं नंतर सगळे सांगत. काहींनी दात बघणं सोडलं. काही मात्र बघतच राहिले, कारण एकदा लागलेली सवय जात नाही. सिंधूबाई माझ्यासमोर पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. पुढे मोबाईल आले, मी भंगारात आले, आणि इतकी वर्षं मी सिंधूबाईंच्या आणखी एका डावाची वाट बघते आहे.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं सांगायचा मला हक्क नाही. एवढंच सांगते, कोणाच्या नावापुढे शून्य दिसलं तर त्याला चोर म्हणण्याआधी, मोजणाऱ्याला किती येतं ते विचारा. त्या दिवशी मला ते कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.