पाठीमागचं व्हायोलिन

उत्तराच्या बाबांनी, श्यामकांतांनी, उठून स्पीकरची पिन भिंतीतून उपटली, तेव्हा तिच्या हातातली वाइनची बाटली अजून शेजारच्या मरायकाच्या ग्लासवर कललेली होती.

व्हायोलिन मधेच तुटलं. मरायकाचा नवरा हेंक काहीतरी सांगत हसत होता, तोही थांबला. श्यामकांतांनी वायर नीट गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि कोणाकडेही न बघता ते स्वयंपाकघरात गेले. दार त्यांनी हळूच लावलं. आदळलं असतं तर उत्तराला बरं वाटलं असतं.

“बरं नाहीये का त्यांना?” मरायकाने विचारलं.

“वय झालंय,” श्रीहर्ष घाईघाईने म्हणाला. “मोठा आवाज सोसत नाही.”

आवाज मोठा नव्हताच. नवऱ्याने वेळ मारून नेली याचाही उत्तराला राग आला. तिने मरायकाचा ग्लास पुरा भरला, बाटलीच्या तोंडावरचा थेंब फडक्याने टिपला आणि श्रीहर्षच्या ऑफिसातल्या दोघांना चीजचं ताट पुढे केलं. तिचे कान तापले होते.

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला ती आली ती श्रीहर्षच्या नोकरीमागून. पुण्यातली स्वतःची नोकरी सोडून आलेली, आणि इथल्या कागदांवर नुसती कोणाची तरी बायको. पहिल्या हिवाळ्यात दिवसभर तिच्याशी बोलायला रेडिओ तेवढा होता. मग ती डच शिकली, आइंडहोवनमधल्या एका वाइनच्या दुकानात उभी राहिली, परीक्षा दिल्या. हळूहळू तिला एक गोष्ट जमायला लागली, जी इथे दुसरं कोणी करत नव्हतं: वाइनला शोभेल असं संगीत जुळवणं. आफ्रिकेतल्या माली देशातल्या कोरा या वाद्याच्या तारांबरोबर थंडगार पांढरी रीझलिंग, लिस्बनच्या उदास गाण्यांबरोबर पोर्तुगालचीच जडशी रेड वाइन. लोक घरी बोलवायला लागले. ती बाटल्या आणि गाणी घेऊन जायची, दोन शब्द बोलायची आणि संध्याकाळ आपोआप सैल होत जायची.

आज पहिल्यांदा तिने स्वतःच्या घरी माणसं बोलावली होती. रविवारची दुपार, बागेकडचं दार उघडं. आई गेल्यापासून बाबा पुण्यात एकटेच होते, आता उन्हाळाभर इथे आले होते. त्यांनी हे बघावं, अशी तिची इच्छा होती. आल्यापासून त्यांनी तिच्या कामाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. बाटल्यांच्या कपाटावरून त्यांची नजर अशी जायची, जशी दुसऱ्याच्या घरातल्या देवांवरून जाते.

शेवटची वाइन नाशिकची होती, तिने बॅगेतून जपून आणलेली. आणि तिच्याबरोबर बाबांचा व्हायोलिनवरचा मारवा.

पुणे स्टेशनजवळच्या एका मोठ्या हॉटेलात ते उभी हयात व्हायोलिन वाजवत होते. गझल गाणाऱ्या बाई येण्याआधी थोडा वेळ एकटे, मग बाईंच्या मागे. तिथल्या साउंडवाल्याने कधीतरी भरून दिलेली एक कॅसेट आईच्या कपाटात सापडली. उत्तराने ती साफ करून घेतली आणि कोणालाही सांगितलं नाही. पहिल्याच गजाला बाबा ओळखतील. कोणीतरी विचारेल, कोण वाजवतंय? मग ती म्हणेल, हे इथे बसलेत ते. एवढं सगळं तिने योजून ठेवलं होतं.

कोणी विचारलं नाही. आणि बाबांनी पिन उपटली.

“मी येतेच,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने दार लावून घेतलं.

श्यामकांत ओट्याला टेकून उभे होते. समोर पाण्याचा पेला, न प्यायलेला.

“दारूचं वावडं होतं तर आधी सांगायचं होतंत,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “वरच्या खोलीत ताट आणून दिलं असतं. माझ्या माणसांसमोर तमाशा कशाला?”

“दारूचं मला काय? त्याच वासात पोट भरलं मी.”

“मग?”

त्यांनी बंद दाराकडे बोट केलं.

“तो तुझा शेजारी हसला,” ते म्हणाले. “त्याच वेळी टेपमधलंही कोणीतरी हसलं. मला कळेना, आजचं हसू कुठलं आणि तेव्हाचं कुठलं.”

ते टेपमधलं हसू तिला पाठ होतं. काट्याचमच्यांची किणकिण, कोणाचं तरी वेटरला हाक मारणं. साफ करणाऱ्याने विचारलं होतं, हे काढून टाकू का? असू दे, तीच म्हणाली होती, त्याने माहौल येतो.

“सुरुवातीला तू त्यांना काय सांगितलंस?” श्यामकांतांनी विचारलं. “श्रीहर्ष मला मराठीत सांगत होता. खा, प्या, बोला, संगीत आपलं मागे असू दे. हेच ना?”

“हो. मग?”

“आमचे मॅनेजर हेच म्हणायचे. श्यामकांत, जरा मागे राहा. लोक बोलताहेत.”

तिच्या तोंडावर कोणीतरी पाणी मारल्यासारखं झालं. आणि मग इतका वेळ गिळलेलं सगळं वर आलं.

“मी पुढे कुठल्या तोंडाने जाणार होते, बाबा? गाणं शिकवलंत मला? समोरच्या शर्मिलाला शिकवलंत. ती आपल्या घरात सतरंजीवर बसून पलटे म्हणायची आणि मी आतल्या खोलीत गणितं सोडवायची. तुम्हीच लावली होतीत शिकवणी. मी विचारलं तर म्हणालात, तुझं तिकडे लक्ष नको. का नको? माझा गळा इतका वाईट होता?”

“शर्मिलाचं हौसेचं होतं,” ते म्हणाले. “लग्न झालं की सुटणार होतं. तुझं सुटलं नसतं.”

“म्हणजे?”

“न्हाणीघरात म्हणायचीस तू. बाहेर ऐकू यायचं.” त्यांनी पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. “चांगला होता गळा. फार चांगला.”

उत्तरा बघत राहिली. वाईट आहे, असं ते म्हणाले असते तर तिला सोसलं असतं. त्या शब्दांची तिने लहानपणापासून तयारी केली होती.

“ठाऊक होतं तुम्हाला.”

“हॉटेलात पुढची जागा गाणाऱ्या बाईंची असायची. टेबलांवरची माणसं त्यांना काय काय म्हणायची, कशा चिठ्ठ्या पाठवायची, ते मी मागे बसून ऐकायचो. मान खाली घालून वाजवायचो. माझी मुलगी त्या जागेवर नको होती मला.”

“मला त्या हॉटेलात बसायचंय, हे मी कधी म्हटलं होतं?” तिचा आवाज आता दबलेला राहिला नाही. “तुमच्यासमोर जेवायला बसलेली माणसं हलकट निघाली, म्हणून मी मुकी राहायची? मला विचारलंत? आईला तरी विचारलंत? मी दुसऱ्यांची गाणी पिशवीत घालून दारोदार फिरते, बाबा. मागे वाजवते. कारण पुढे ठेवायला माझ्यापाशी काही नाही.”

श्यामकांतांच्या डाव्या हाताची बोटं ओट्याच्या कडेवर एकेक करून दाबली जात होती आणि सुटत होती.

दार किलकिलं झालं. श्रीहर्षने आत डोकावलं, दोघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता दार पुन्हा ओढून घेतलं.

“सा द्या,” उत्तरा म्हणाली.

“काय?”

“सा. मला द्या.”

“आत्ता? अगं, बाहेर माणसं...”

“आत्ता.”

त्यांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा. मग सूर लावला. बारीक, म्हातारा, पण सरळ.

उत्तराने तोंड उघडलं. निघालं ते घोगरं होतं, मधेच फाटलं.

“खाली आहे,” श्यामकांत म्हणाले.

तिने पुन्हा लावला.

“अजून खालीच आहे. आणि असा रागाने लावू नकोस.”

“रागानेच लागणार आहे तो,” ती म्हणाली.

श्यामकांतांनी तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाखालची खुर्ची ओढून तिच्यापुढे ठेवली.

“मग निदान पाठ ताठ ठेव,” ते म्हणाले. “बस.”