होय म्हणायला काय जातं

विबेकेने मोबाइल पाद्रीणबाईंच्या टेबलावर सरकवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून दाखवला. दाराच्या फटीतून चोरून काढलेला. पलंगाशी गुडघे टेकून बसलेली मुलगी, पाठमोरी. अंगावर उठलेलं पुरळ डॉक्टरांना दाखवावं तसा तिने तो दाखवला.

"रोज," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी. आणि चक्क हात जोडून!"

जिचा फोटो ती सोल्वाय, विबेकेची लेक, शेजारच्याच खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होती. वय चौदा.

"कधीपासून?" टोवे पाद्रीणबाईंनी खोकल्याची चौकशी करावी तसं विचारलं.

"ऑक्टोबरपासून."

त्याआधी ही पोर चार महिने शाळेत गेली नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, भुवईचे केस उपटायची. विबेके नगरपालिकेत मुलांच्या मानसिक स्वास्थ्याची सल्लागार. 'एक ते दहामध्ये तुला कसं वाटतं' हे गावातल्या नऊशे मुलांकडून दर महिन्याला भरून घेणारी, आणि घरची पोर दोनवर अडकलेली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! गोळ्या झाल्या, घोड्यावर बसवून झालं, समुद्राच्या गार पाण्यात डुबक्या झाल्या. मग ऑक्टोबरात काय झालं कोण जाणे, पोर आपली आपण उठली, शाळेत जाऊ लागली, भुवया परत आल्या. दुसरी आई असती तर साखर वाटली असती. हिने फोटो काढला.

आमच्या गावाला त्याचं नवल नाही. डेन्मार्कात देवाला आम्ही लग्नाला, मयताला आणि कन्फर्मेशनला बोलावतो. कन्फर्मेशन म्हणजे चौदाव्या वर्षी पोरांनी चर्चमध्ये उभं राहून 'होय, मी देवाला मानते' म्हणायचं, की मग जेवणावळ, भाषणं, भेटी. मानत कुणीच नाही. एखादा खरंच मानणारा निघाला, तर लोक त्याच्या आईकडे दयेने बघतात.

"बघ सोल्वाय," पाद्रीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "विश्वास हा जरा जड शब्द आहे. आपण त्याला कुतूहल म्हणूया का?"

बावीस वर्षं देवाच्या नावाचा पगार खाल्ला, आणि आता बाईंना शब्द जड झाला होता.

"नको," सोल्वाय म्हणाली.

"बरं. मग तिथे बसून तू करतेस तरी काय?"

"बसते." तिने जरा विचार केला. "दिवसभर सगळे विचारतात, कशी आहेस, कशी आहेस. आई, बाबा, शाळेतल्या बाई, गोळ्यांचे डॉक्टर. तो विचारत नाही. त्याला माहीत असतं."

"ऐकलंत?" विबेके नाकातून हसली.

"आणि मला कन्फर्मेशन नकोय."

"काय म्हणालीस?"

"या बाई सगळ्यांसमोर विचारणार, देवाला मानतेस का. माझ्या आधीची अकरा पोरं होय म्हणणार आणि बाहेर जाऊन खिदळणार. माझं खरं आहे, आई. मला ते त्यांच्यात मिसळायचं नाहीये."

"अगं पण हॉल ठरलाय! बासष्ट माणसं येणारेत! आत्याने तुझ्यावर गाणं रचलंय, छापूनसुद्धा आणलंय!" विबेकेचा आवाज चढला. "एक शब्द, सोल्वाय. होय म्हणायला तुझं काय जातं? मी नव्हतं का म्हटलं?"

"तू मानत होतीस?"

"काहीतरीच काय! कुणीच मानत नाही!"

पाद्रीणबाईंनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता. मग "जबरदस्ती काही करता येत नाही," असं पुटपुटत त्यांनी यादीतलं नाव खोडलं. तेवढं एक काम त्यांनी धड केलं.

सोल्वाय उठून चर्चमध्ये गेली. विबेके बाहेरच्या अंगणात आली आणि तिने आपल्या आईला फोन लावला.

"आई, जेवण रद्द करावं लागणार. सगळ्यांना कळव."

"का गं? काय झालं?"

आता काय सांगायचं? आमच्या गावात पोरीचं मन बिघडलंय असं खुशाल सांगता येतं. शेजारणी केक घेऊन येतात, साहेब रजा देतात. पण पोर देवाला मानते असं सांगून नगरपालिकेतल्या बाईने तोंड कुठे लपवायचं?

"सोल्वायला बरं नाही," विबेके म्हणाली.

"अगं बाई! परत? गेल्या वर्षीसारखंच?"

"हो. तेच."

सांगून टाकलं आणि लाज वाटायची सोडून तिला सुटल्यासारखं वाटलं. तिने मोठा श्वासही घेतला.

ती वळली. सोल्वाय चर्चमधून बाहेर येऊन दोन पावलांवर उभी होती. जाकीट खांद्यावर, गाल वाऱ्याने लाल. तिने सगळं ऐकलं होतं. विबेकेने घाईघाईने फोनवर हात दाबला, तरी पलीकडून म्हातारीचा आवाज येतच होता, "अगं, निदान दोन घास तरी खाते का ती?"

"चल ना, आई," सोल्वाय म्हणाली. "मला जाम भूक लागलीय."