माझ्यात काहीच घातलं नव्हतं

मी एक काचेचं चंचुपात्र बोलतोय. बोलावं की नाही, याचा बराच विचार केला. कारण जे घडलं ते मला अजून नीट उमगलेलं नाही.

भट्टीतून निघालो तो थेट या प्रयोगशाळेत आलो. जमिनीखालच्या पाण्यात मुरणारी रसायनं किती विषारी आहेत, ते इथे तपासतात. पाण्यात ठिपक्याएवढ्या पाणपिसवा सोडतात. माझ्या भावंडांत रसायन घालतात, कुणात थेंबभर, कुणात जास्त, आणि दोन दिवसांत किती पिसवा मेल्या ते बघतात. माझ्यात काहीच घालत नाहीत. नुसतं आवारातल्या बोअरचं स्वच्छ पाणी. माझ्यातल्या पिसवा जगल्या, तरच बाकीच्यांचा निकाल खरा. एवढा मान! मला त्याचं दडपणच यायचं.

इथल्या रसायनतज्ज्ञ ताई याच बोअरचा कॅन रोज वडिलांसाठी भरून नेत. त्यांच्या विहिरीशेजारी कारखाना आहे, म्हणून. त्या कारखान्यात यंत्रांचं ग्रीस काढायला वापरतात, ते सॉल्व्हंट मध्यंतरी तपासायला आलं. दोन दिवसांनी ताई वाकून बघतात तर सगळ्यांच्या तळाशी मेलेल्या पिसवा. माझ्याही!

"भांडं नीट विसळलं नसेल," ताईंचे साहेब म्हणाले. "लक्ष कुठे असतं हल्ली तुमचं?"

"बाबांकडे असतं, साहेब. पण भांडं मीच घासलंय. हे हात बघा, सालं निघाली."

मला आम्लाने धुतलं, तापवलं, पुन्हा बोअरचं पाणी भरलं. पुन्हा तेच. मी माझीच काच चाचपू लागलो. कुठे चरा पडलाय का? माझ्यातच काही मुरलंय का?

शेवटी ताईंनी विकतच्या बाटलीतलं पाणी माझ्यात ओतलं. दोन दिवस पिसवा मजेत नाचत राहिल्या.

वाटलं, ताई आता हसतील. पण त्या दाराशी भरून ठेवलेल्या बोअरच्या कॅनकडे वळल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, कॅन आणतेस ना? तुझ्या पाण्याचा चहा काय झकास होतो!"

"बाबा, चहा करू नका. घरातलं पाणी ओतून द्या."

"कुठलं? विहिरीचं की तुझं?"

ताईंनी तो कॅन मोरीत उपडा केला. मग म्हणाल्या, "दोन्ही."

साहेबांनी हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला.

आता मी फडताळात पालथा पडलोय. दोष माझा नव्हता, तरी सुटल्यासारखं का वाटत नाही, कोण जाणे. एकच विनवणी आहे. पुन्हा कधी माझ्या तळाशी पिसवा मेलेल्या दिसल्या, तर मला हवं तेवढं घासा. पण तोवर कुणाचा कॅन भरू नका.