ताईची टिकली

माझी थोरली बहीण विद्युल्लता धारला दिलेली. चिकटवायची टिकली तिच्या कपाळावरून झोपेतही उतरत नसे. टिकलीखाली पांढरा डाग पडला तेव्हा बाईसाहेबांनी काय करावं? मोठी टिकली लावली. डाग वाढला, तशी टिकलीही वाढली. "ताई, आता बशीच चिकटव," मी म्हणायची. तीही हसायची.

शेवटी मीच तिला इथे देवासला डॉक्टरांकडे ओढून नेलं. ते म्हणाले, "टिकलीच्या गोंदाने रंग गेलाय. कुणाला लागत नाही, मुलांत उतरत नाही. टिकली बंद करा, रंग हळूहळू भरेल." पण तिच्या लेकीची, स्वप्नालीची, सोयरीक जमत आलेली. नुसतं कुंकू लावावं तर भोवतीचा डाग उघडा पडणार. "एवढा साखरपुडा होऊ दे गं. झाकली मूठ सव्वा लाखाची," ताई म्हणाली.

साखरपुड्यात विहीणबाई ताईची ओटी भरायला आल्या. कुंकू लावायचं तर टिकली आड येत होती. त्यांनी मायेनेच ती नखाने काढली आणि हात झटकन मागे घेतला.

"अगं बाई, हे तर कोड आहे! पहले बताना था ना!"

मी गोंदाचं ओरडून सांगितलं. ऐकतंय कोण? मंडळी जेवण टाकून उठली. गुन्हा मेल्या गोंदाचा आणि सोयरीक मोडली पोरीची. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसरं स्थळ आलं तेव्हा ताईने साखरपुडा माझ्या घरी ठेवायला लावला आणि मुलीच्या आईला ताप आलाय असं सांगायचं ठरवलं. स्वप्नाली भांडली, रडली. "आई नाही तर साखरपुडाही नको." ताईने तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली.

बैठकीत नव्या विहीणबाईंनी आईच्या मानाचं कुंकू माझ्या कपाळी लावलं, नारळ-खण माझ्या पदरात घातला. मला माझ्या स्वच्छ कपाळाचा राग आला.

मंडळी जेवायला बसल्यावर मी आतल्या खोलीत गेले. दार लावून ताई पलंगावर बसली होती. लेकीच्या साखरपुड्यासाठी घेतलेली पैठणी नेसून, कपाळावर तीच मोठी टिकली लावून.

"इथे कोण बघतंय तुला?" मी खेकसले आणि ओटी तिच्या पदरात घातली.

तिने नारळावरून हात फिरवला. बाहेर स्वप्नाली कशाला तरी हसली, तशी तिने मान वर केली.

"कशी दिसत होती गं ती?"