दोराचं टोक

तिने पिंपामागचं ओलं पोतं ओढलं आणि त्यातून दोराचा हातभर तुकडा जमिनीवर पडला.

वादळ होऊन आज सहावा दिवस. घरात शिरलेला चिखल उपसता उपसता ती या कोपऱ्यापर्यंत आली होती. दोर तिचाच, तीन पदरी, तिच्या हातचा. वस्तीतल्या निम्म्या होड्या वीस वर्षं तिच्या दोरांवर विसंबून होत्या. वादळाचा इशारा आला की दोन-दोन होड्या एकमेकींना जखडून धक्क्याला बांधायच्या, ही तिथली रीत. एक डगमगली तर दुसरी धरते. तिच्या नवऱ्याची होडी त्याच्या थोरल्या भावाच्या होडीला बांधलेली होती. थोरल्याची वाचली. यांची दगडांवर आपटली आणि तिच्या फळ्याफळ्या झाल्या.

"दोर तुटला," असं नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं होतं. टोक समुद्राने नेलं म्हणाला.

तेव्हापासून तिला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. तिघांनी तिचे दोर दारात आणून टाकले. त्यात थोरले भाऊजी पहिले. वर चारचौघांत म्हणाले, "हात थकतात माणसाचे, बोल कुणाला लावायचा!" ती ओशाळून हसली होती. चूक कुठे झाली, ते आठवत तिची बोटं रिकामीच पीळ घालत बसायची.

तिने तुकडा उजेडात धरला. तुटलेला दोर झाडूसारखा पिंजारतो, एकेक पदर वेगळ्या जागी जीव सोडतो. हे टोक सपाट होतं, तिन्ही पदर एका रेषेत. दोर सुरीने कापलेला होता.

नवरा चिखलाची पाटी रिकामी करून आला आणि दारातच थबकला.

"कधी सापडला?" तिने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. दादाच्या होडीला लोंबत होता."

"म्हणजे भाऊजींनी…"

"आपली होडी पाण्याने भरली होती गं. त्याचीही ओढली गेली असती."

"मग तसं सांगायचं होतंत. मी समजून घेतलं असतं."

"तू घेतलं असतंस. पण जोडीच्या होडीचा दोर कापला म्हटल्यावर त्याच्या शेजारी पुन्हा कोण होडी बांधणार? जन्माचा बट्टा लागला असता त्याला."

"आणि मला?"

"तुझं काय, चार दिवस बोलतील आणि विसरतील."

वीस वर्षांत त्याने तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तुम्हाला कळलंय, हे भाऊजींना ठाऊक आहे?"

"नाही. तुझी शपथ. मी एकटाच गिळून बसलोय." त्याने पाटी खाली ठेवली. "सख्खा भाऊ आहे. करू तरी काय?"

तिला त्याची कीव आली. इतके दिवस हा माणूस एकटा जळत होता, आणि आपल्याला पत्ता नाही! राग पुरता गेला नाही, पण निम्मा उतरला. तुकडा पुन्हा पोत्यात घालायला ती वाकली.

"चल रे, किती वेळ?" म्हणत थोरले भाऊजी दारात आले. त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. तिच्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते भावाकडे वळले.

"अरे, तू तर जाळून टाकला म्हणाला होतास."