डोक्यावर उभी खार

बावीस वर्षं मी मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढली. वाघ, ससे, रुसलेल्या राजकन्या, एकदा तर सर्दी झालेला ढग. मग प्रकाशकाने गाशा गुंडाळला आणि मी घरात बसलो. दिवसभर मला समोर बघून बायको कंटाळली आणि तिने आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला. धाकटीचं काम खाण्यापिण्याच्या वस्तूंची खोकी, लेबलं आणि पाकिटं तयार करून देण्याचं. तीन महिने शिकायला या, जमलं तर कायमचे राहा, असं ती म्हणाली. अशा रीतीने एकावन्नाव्या वर्षी मी मेहुणीच्या हाताखाली उमेदवारी करू लागलो. सासुरवाडीत ही बातमी किती चवीने चघळली गेली असेल ते मी मुद्दाम विचारलं नाही.

धाकटीच्या दोन खोल्या एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहेत. फळ्यांवर सरबताच्या रिकाम्या बाटल्या, दुधाची खोकी, जॅमच्या बरण्या. हात बाटली जिथे धरतो तिथे चेहरा काढायचा नाही, घटकपदार्थांची यादी कितीही कुरूप दिसली तरी बारीक करायची नाही, हे मी तिच्याकडूनच शिकलो. पण एक गोष्ट मला पटेना. काम छापखान्यात जाण्याआधी ते साध्या कागदावर छापायचं, कापायचं, घड्या घालून चिकटवायचं आणि खरंखुरं खोकं करून बघायचं. त्याला डमी म्हणतात.

"भावजी, हातात धरल्याशिवाय ते खोकं नसतं, कागद असतो," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

कागदाच्या होड्या करायचं मी चौथीत सोडलं, असं मी तिला ऐकवलं. ती हसली आणि स्वतःच डमी करत राहिली. ती स्वभावाने गरीब आहे. मी नाही.

दोन महिन्यांनी मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. लहान मुलांच्या बिस्किटांचं खोकं, दहा हजार नग. बिस्किटांचा कारखाना धाकटीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि सोमवारी माल दुकानात जायचा होता. मी खार काढली. पुढच्या बाजूला ती बिस्कीट घेऊन झाडावर चढते आहे, मागच्या बाजूला पोट भरून फांदीवर झोपली आहे. इतकी गोड खार मी पुस्तकातही काढली नव्हती. चित्रं धाकटीने स्वतः मांडून दिली. खोकं उलगडलं तर कसं दिसेल, तशी ती सपाट मांडणी होती. खाली पुढची बाजू, तिच्या वर माथा, त्याच्याही वर मागची बाजू.

शुक्रवारी दुपारी तिची दाढ ठणकायला लागली. अक्षरं एकदा तपासा, डमी करा आणि फाइल छापखान्यात पाठवा, असं सांगून ती गालाला हात लावून दातांच्या डॉक्टरकडे गेली.

मी अक्षरं तपासली. मग नजर वर गेली आणि मी चमकलो. मागच्या बाजूची खार डोक्यावर उभी होती. पाय आभाळात, शेपूट खाली. दाढदुखीत बिचारीचं लक्ष नसणार. मी चित्र फिरवून सरळ केलं, मजकूरही सरळ केला आणि फाइल पाठवून दिली. तिला सांगून ओशाळं कशाला करायचं, असाही विचार केला. डमी केली नाही. घरी जाताना मी स्वतःवर भलताच खूश होतो.

शनिवारी सकाळी बायकोने चहाच्या पुड्यांचं रिकामं खोकं माझ्यासमोर टाकलं आणि रद्दीसाठी उलगडून ठेवायला सांगितलं. चिकटवलेल्या कडा मी सोडवल्या आणि खोकं टेबलावर पसरलं. खाली पुढची बाजू, वर माथा, त्याच्याही वर मागची बाजू. आणि मागच्या बाजूवरचा कप उलटा.

मी दोन्ही टोकं हातांनी उचलून पुन्हा घडी घातली. कप सरळ झाला. सोडली, कप उलटा.

मागची बाजू माथ्यावरून पलीकडे वळते, म्हणून कागदावर ती उलटीच लागते. धाकटीने बरोबर मांडलं होतं. सरळ मी केलं होतं, म्हणजे दहा हजार खोक्यांच्या पाठीवर खार डोक्यावर उभी राहणार होती, आणि तिच्याखाली घटकपदार्थही. बायकोने शब्द टाकून मला तिथे चिकटवलं होतं. आता धाकटीचं जुनं गिऱ्हाईक जाणार आणि ते माझ्यामुळे.

धाकटी फोन उचलेना. छापखान्यातही कोणी उचलेना, तिथल्या आवाजात घंटा ऐकू तरी कोणाला येणार. नऊला मशीन सुरू होतं आणि पावणेनऊ वाजले होते. मी घरातल्या चपलांवरच सायकल काढली. बायको मागून काहीतरी विचारत होती, पण थांबून सांगायला वेळ नव्हता.

छापखान्याच्या दाराशी पोचलो तर मशीन धडधडत होतं. एका बाजूला छापलेल्या कागदांचा गुडघ्याएवढा ढीग. मी थेट मशीनमनपुढे जाऊन हात आडवे केले. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी शांतपणे मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि ढिगातला एक कागद माझ्या हातात दिला. त्यावर पोटदुखीच्या गोळ्या होत्या.

"तुमची बिस्किटं लावलीच नाहीत," मास्तर म्हणाले. "डमी कुठाय? ज्यानं काम केलं त्यानं स्वतः दुमडलेलं खोकं, बुडाला त्याची सही. ते आल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही. काल संध्याकाळी तुमच्या बाईंना फोन करून सांगितलं तसं. त्या म्हणाल्या, आणतील ते."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या कागदांच्या गठ्ठ्यावर बसलो आणि खरं सांगायचं तर डोळे पुसले. मास्तरांनी पाण्याची बाटली पुढे केली.

तेवढ्यात धाकटी आली. गाल सुजलेला. माझे सात फोन बघून ती थेट इकडेच आली होती. गुपचूप फाइल बदलली असती तर कोणाला काही कळलंही नसतं, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण तो सुजलेला गाल बघून धीर होईना. मी सगळं सांगितलं. खार फिरवली, डमी केली नाही, आणि वर तुझी चूक पोटात घातली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली, हेसुद्धा.

ती हसायला लागली, मग दाढ दुखली म्हणून थांबली.

"आईकडे बटणं ठेवायची खोकी आहेत ना, कोंबड्याची?"

होती. सासूबाईंच्या कपाटात तसली पंधरा-वीस खोकी आहेत. त्यांवरचा कोंबडा डोक्यावर उभा आहे, आणि ही कल्पना किती धाडसी आहे यावर मी एकदा भर पंगतीत व्याख्यान दिलं होतं. धाकटी तेव्हा खाली मान घालून जेवत होती.

"माझं पहिलं काम ते. मीही सरळ केला होता कोंबडा. वीस हजार छापले, भावजी. तेव्हापासून मास्तर डमी मागतात."

"आणि मी एवढं बोललो, तेव्हा तू गप्प कशी बसलीस?"

"घरात सगळे मला ओरडून थकले होते. कौतुक तुम्ही एकट्यानं केलं होतं."

मास्तर उगाचच चष्मा पुसत होते.

फाइल दुरुस्त झाली. मास्तरांच्या टेबलावर बसून मी कागद कापला, घड्या घातल्या, कडा चिकटवल्या. खोकं तीनदा फिरवून बघितलं. खार शांत झोपली होती, सरळ. मग बुडाला सही केली.

दुपारी मशीन लागलं. बाहेर येणाऱ्या प्रत्येक कागदावर मागची खार डोक्यावर उभी होती, पाय आभाळात, शेपूट खाली. एक गेली की दुसरी, दुसरी गेली की तिसरी. मास्तरांनी मला जेवून घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, थांबतो, अजून थोड्या बघू द्या.