शिंपीकाकांना कळवलं आहे

"काका, फोन कानाला धरा! कानाला!"

शिपाई ओट्यावरून हातवारे करत ओरडत होता. शिंपीकाकांनी फोन कानाला लावला. काचेच्या आतून डॉक्टर काहीतरी बोलले, काकांनी मान डोलावली. डॉक्टरांनी फोन ठेवला. झालं, काम संपलं.

साथ आल्यापासून आमच्या दवाखान्याची ही नवी व्यवस्था. खोकणारे मागे सायकलींच्या शेडमध्ये, बाकीचे ओट्यावर आणि डॉक्टर काचेत. त्या काचेचंही उद्घाटन झालं, हारतुरे आणि फोटोंसकट. शेडमध्ये बसायला बाकडं मात्र कुणाला सुचलं नाही. मला या सगळ्याची अगदी शिसारी आली होती.

काकांना ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात. काकू भर दवाखान्यात आवाज न काढता, नुसते ओठ हलवून नवऱ्याला झापायच्या आणि काका गालातल्या गालात हसायचे. आता जो तो तोंड बांधून. बहिरेपण चारचौघांत उघडं पडायला नको म्हणून काका सगळ्यालाच मान डोलावतात.

काकूंना शेडमधूनच मोठ्या हॉस्पिटलात नेलं होतं. काकांनी माझ्यापुढे पिशवी धरली.

"सिस्टर, हिचा स्वेटर. तिला थंडी सोसत नाही. पाठवाल ना तिकडे?"

काकू परवाच गेल्या होत्या. तिकडच्यांनी परस्पर सगळं उरकूनही टाकलं होतं. मी तडक आत गेले.

"डॉक्टर, काकांना सांगितलं नाही का?"

"काल कळवलं, आत्ताही कळवलं. मान हलवतात की!"

"अहो, ठार बहिरे आहेत ते!"

"मग लिहून द्या."

"अक्षरओळख नाही त्यांना. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा काकू लिहायच्या. मी बाहेर जाऊन मास्क काढून सांगते."

"खबरदार! ओट्यावर मास्क काढलात तर मेमो देईन."

"मग उठा. इथून सांगते."

"इथे मी बसतो, सिस्टर."

"म्हणूनच म्हणतेय, उठा."

उठले एकदाचे. कोपऱ्यात जाऊन हातांवर सॅनिटायझर चोळत बसले, जणू विटाळ मीच आणला होता. माणसाची इतकी घाण वाटू शकते हे मला तेव्हा कळलं.

मी काचेवर टकटक केली आणि मास्क खाली ओढला. कितीतरी दिवसांनी अख्खा चेहरा दिसला म्हणून काका खुलले, चक्क हसले.

मग मी काकू बोलायच्या तसंच बोलले, आवाज न काढता.

"काकू वारल्या, काका."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग काचेला नाक लागेल इतके जवळ आले.

"सिस्टर, जरा हळू. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. हळू.